नाशिकची वाइन सहल: स्वतंत्र गाडी करावी की छोट्या गटात जावे?

सुला ही कंपनी १९९९ साली स्थापन झाली, तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आखले आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत अनेक वायनरी उभ्या राहिल्या. खाण्याच्या द्राक्षांसाठी आधीच नावाजलेल्या या भागात आज मुंबई, ठाणे, पुणे आणि सुरतेकडून लोक खास वायनरी पाहायला येतात. त्यांच्यासमोर साधारणपणे दोन पर्याय असतात. एक म्हणजे आपल्यापुरती गाडी आणि चालक घेऊन आपल्या सोयीने फिरणे, आणि दुसरा म्हणजे सहल कंपनीने जमवलेल्या सहा ते बारा जणांच्या छोट्या गटात जाणे. बहुतेक जण दोन्हींचे दर विचारतात, फरक पाहतात आणि निर्णय घेऊन मोकळे होतात. दर विचारायलाच हवेत, पण त्यांची पाळी बरीच नंतर येते. खाली दिलेल्या क्रमाने विचार केला तर दर हाती येईपर्यंत निर्णय जवळजवळ झालेला असतो, असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: पैसे नेमके कशाचे जातात ते पाहणे

खाजगी सहलीच्या नावाखाली नाशिकमध्ये जे विकले जाते, त्यात प्रामुख्याने गाडी, चालक आणि वेळेचे स्वातंत्र्य या तीन गोष्टी असतात. वायनरीचे दार ओलांडले की परिस्थिती बदलते. मोठ्या वायनरींमध्ये कारखाना दाखवण्याच्या फेऱ्या ठरावीक वेळांना निघतात आणि त्या वेळेचे तिकीट घेतलेले सगळे एकाच माहितगाराच्या मागून चालतात. रविवारी दुपारी स्वतंत्र इनोव्हा करून आलेले जोडपे आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरलेला गट त्याच टाक्यांसमोर, त्याच गर्दीत उभे असतात. जोडप्याने जास्तीचे पैसे मोजलेले असतात ते रस्त्यावरच्या स्वास्थ्यासाठी, आणि वायनरीच्या आत त्या पैशांतून त्यांना काहीही वेगळे मिळत नाही.

उलट काही छोट्या गटांचे आयोजक वायनरीत आधीच स्वतंत्र टेबल आणि स्वतंत्र माहितगार ठरवून ठेवतात. अशा वेळी आठ जणांच्या गटाला आत जो निवांतपणा मिळतो, तो खाजगी गाडीने आलेल्या चौघांना मिळत नाही. म्हणून गाडी स्वतंत्र आहे की नाही आणि टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखण्याची बैठक, स्वतंत्र आहे की नाही हे दोन प्रश्न वेगवेगळे धरावेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी मागावीत. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी, कारण सहलीनंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हे दोन प्रश्न एकत्र केल्यात असते.

परदेशातल्या वाइन प्रदेशांविषयीचे सल्ले वाचून नाशिकचे बेत आखणाऱ्यांची इथे विशेष फसगत होते. कॅलिफोर्नियातील नापा काउंटीत १९९० च्या नियमांनंतर उभ्या राहिलेल्या वायनरींना आधी वेळ ठरवून आलेल्या पाहुण्यांनाच टेस्टिंग देता येते. त्यामुळे तिथल्या सहल आयोजकाचे मोठे काम म्हणजे या वेळा मिळवणे आणि जुळवणे, आणि तिथे खाजगी सहल घेतली की आतल्या भेटीही बहुधा ठरलेल्या मिळतात. नाशिकमधल्या मोठ्या वायनरी आयत्या वेळी आलेल्यांनाही जागा असेल तर घेतात. साहजिकच आयोजकाने आत काही ठरवले आहे की तो आपल्याला फक्त दारापर्यंत सोडणार आहे, हे इथे स्वतःहून विचारावे लागते.

दुसरी पायरी: हंगाम आणि वार ठरवणे

सहलीचा प्रकार निवडण्याआधी दिवस निवडावा, कारण गर्दी किंवा निवांतपणा त्यावर सर्वाधिक अवलंबून असतो. आपल्याकडे द्राक्षवेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला शेतकरी गोडी छाटणी किंवा ऑक्टोबर छाटणी असेही म्हणतात. तिथून पुढे घड धरत जातात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. फसफसणाऱ्या वाइनसाठी आंबटपणा टिकलेली द्राक्षे लागत असल्याने ती त्याहूनही आधी तोडतात. युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसणारी लगबग इथे थंडीच्या शेवटी दिसते.

वेलीवर घड पाहायचे असतील, क्रशरमध्ये पडणारी द्राक्षे आणि टाक्यांतून येणारा आंबूस वास अनुभवायचा असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पूर्वार्ध यांना पर्याय नाही. याच काळात मुंबईचा सगळा लोंढाही नाशिककडे वळतो, उत्सव आणि द्राक्षे तुडवण्याचे कार्यक्रम होतात आणि शनिवार-रविवारी वायनरींकडे जाणाऱ्या गंगापूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. एप्रिल-मेमध्ये बाग छाटलेली असते, ऊनही कडक असते. पावसाळ्यात इगतपुरीकडचा भाग अतिशय सुंदर दिसतो, टेस्टिंग रूममधून समोरचे धरण आणि डोंगर पाहत बसावेसे वाटते, परंतु वेलीवर फळ नसते हे मनाशी पक्के करून जावे.

वाराविषयी माझे मत स्पष्ट आहे. मंगळवारी किंवा बुधवारी रजा काढणे शक्य असेल तर खाजगी सहलीवर जास्त खर्च करण्याचे अर्धे कारण तिथेच संपते. कामाच्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला कित्येकदा चार-सहा माणसेच असतात, माहितगाराला घाई नसते आणि विचारलेल्या प्रश्नाला तो थांबून उत्तर देतो. शनिवारी संध्याकाळी हेच सुख पैसे देऊनही मिळणे अवघड असते.

दिवस ठरवताना मद्यविक्री बंद असणारे दिवस तपासावेत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तर ठरलेलेच आहेत, शिवाय मतदानाच्या आणि मतमोजणीच्या काळातही बंदी असते. २६ जानेवारी नेमका हंगामात येतो आणि शनिवार-रविवारला जोडून आला की लांब सुट्टी पाहून अनेक जण बेत आखतात, पण त्या दिवशी टेस्टिंग होत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वकाळात नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यांवरचे वाहतुकीचे नियम बदलतात, त्यामुळे २०२७ च्या शाही स्नानांच्या आसपास वाइन सहल न ठेवणेच शहाणपणाचे ठरेल.

तिसरी पायरी: आपण कुठून निघणार आहोत?

मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर आणि पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर आहे. मुंबईहून एका दिवसात जाऊन येणारी गटसहल आकर्षक वाटते, पण तिचे वेळापत्रक मांडून पाहावे. गाडी दादरहून सहा वाजता निघते, मग शीव, ठाणे आणि भिवंडी बायपास अशा थांब्यांवर माणसे घेत जाते. एखादा सहप्रवासी वीस मिनिटे उशिरा येतो, त्यानंतर नाश्त्यासाठी अर्धा-पाऊण तास जातो. दादरला बसलेला माणूस पहिल्या वायनरीत पोहोचतो तेव्हा साडेदहा-अकरा वाजलेले असतात. रात्री उशीर होऊ नये म्हणून परतीची गाडी पाच वाजता काढावी लागते. मधल्या सहा तासांतून जेवणाचा दीड तास वजा केला की दोन वायनरी नीट पाहून होतात. तिसरी वायनरी कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असली तरी तिथे फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही.

अशा सहलीत पहिल्या थांब्यावर चढणाऱ्यांचे नुकसान सर्वांत जास्त होते, म्हणून आपला थांबा कितवा आहे हे विचारावे. मुंबईहून एका दिवसातच परतायचे असेल आणि आपण चौघे किंवा अधिक असू, तर स्वतंत्र गाडीने वाचणारा दीड-दोन तासांचा वेळ हेच तिच्या जास्तीच्या खर्चाचे सर्वांत भक्कम समर्थन आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून जाण्याची सोय झाली आहे, तेव्हा गाडी कोणत्या रस्त्याने नेणार आणि टोल कोण भरणार हेही आधी बोलून घ्यावे.

मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक पटतो. नाशिकरोडपर्यंत रेल्वेने यावे, एक रात्र नाशिकमध्ये राहावे आणि तिथल्या स्थानिक आयोजकाची छोटी गटसहल किंवा स्थानिक गाडी घ्यावी. स्थानिक गाडी आठ तास आणि ऐंशी किलोमीटर या हिशोबाने मिळते, तर मुंबई-पुण्याहून केलेल्या गाडीला दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचा आकार लावण्याची पद्धत आहे आणि त्यावर चालकाचा भत्ता, रात्र भत्ता, टोल व पार्किंग वेगळे लागते. शिवाय किलोमीटर मोजायला सुरुवात आपल्या दारापासून होते की गाडीच्या गॅरेजपासून, यावरही बिल बदलते. नाशिकमध्येच सहल सुरू होत असेल तर छोट्या गटाचा माणसे गोळा करण्यात जाणारा वेळही पुष्कळ कमी होतो आणि गटसहलीविरुद्धचा मुख्य आक्षेप बऱ्यापैकी दूर होतो.

चौथी पायरी: सोबत कोण आहे?

एकट्या प्रवाशासाठी छोटा गट जवळजवळ नेहमीच योग्य ठरतो. खर्च वाटला जातो, बोलायला माणसे मिळतात, आणि एकट्या स्त्रीला अनोळखी चालकासोबत दिवसभर आडरस्त्याने फिरण्यापेक्षा आठ-दहा जणांच्या सोबतीत अधिक निर्धास्त वाटते. दोघांनी जायचे असेल तर आपला स्वभाव पाहावा. अनोळखी लोकांशी गप्पा रंगणाऱ्यांना गट आवडतो. लग्नाच्या वाढदिवसासाठी निघालेल्या जोडप्याने मात्र गटाच्या वाटेला जाऊ नये.

घरातली तीन पिढ्यांची मंडळी एकत्र निघणार असतील तर स्वतंत्र गाडीच करावी, आणि यात मला कोणतीही दुविधा वाटत नाही. आजी-आजोबांना त्र्यंबकेश्वरचे दर्शन हवे असते, मुलांना भूक लागते, कोणाचा उपवास असतो, आणि वाइन न पिणारी माणसे दीड तास टेस्टिंग रूमच्या बाहेर बसून कंटाळतात. स्वतंत्र गाडी असली की पहाटे त्र्यंबकेश्वर उरकून, वाटेत द्राक्षबागेतल्या एखाद्या मिसळीच्या ठिकाणी थांबून, अकरा-साडेअकराच्या सुमारास गंगापूर धरणाकडच्या वायनरीत येता येते. ज्येष्ठांना पुन्हा हॉटेलवर सोडून बाकीच्यांनी पुढे जाणेही शक्य होते. गटाच्या गाडीत यातले काहीच जमत नाही आणि इतर प्रवाशांचीही गैरसोय होते. दर्शन आणि वाइन एकाच दिवशी ठेवणाऱ्या घरांनी दर्शन आधी ठेवण्याची रीत पाळलेली बरी, त्यामुळे ज्येष्ठांच्या मनाला रुखरुख लागत नाही. सोमवारी आणि श्रावणात त्र्यंबकेश्वरची रांग किती लांबेल याचा भरवसा नसतो, त्या दिवसांत हा जोडबेत करूच नये.

वयाची अट विसरू नये. एकवीस वर्षांखालील कोणालाही टेस्टिंग मिळणार नाही असे धरून चालावे आणि तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. लहान मुलांना वायनरीच्या उपाहारगृहात बसता येते, पण कारखान्याच्या फेरीत किंवा निवासात घेतात की नाही याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत, म्हणून त्या त्या वायनरीला फोन करून विचारावे. अनेक गटसहली लहान मुलांना घेतच नाहीत आणि त्यांचे ते धोरण मला योग्य वाटते.

सहा ते दहा मित्रमैत्रिणींचा कंपू असेल तर तुम्हीच छोटा गट आहात. बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर केली की माणशी खर्च गटसहलीइतका किंवा त्याहून कमी येतो. फक्त वेळापत्रक सांभाळण्याची जबाबदारी कोणीतरी एकाने घ्यायला हवी, नाहीतर पहिल्याच वायनरीत दुपारचे तीन वाजतात.

पाचवी पायरी: किती वायनरी आणि कोणत्या?

कार्यक्रमपत्रिकेत वायनरींची संख्या जितकी जास्त तितकी सहल चांगली, हा समज सोडून द्यावा. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा वाइन मिळतात आणि प्रत्येकीचे माप सुमारे ३० मिलिलिटर असते. सहा वाइन म्हणजे १८० मिलिलिटर, अर्थात एका भरल्या पेल्याहून थोडे जास्त. तीन वायनरींत हेच केले तर ५४० मिलिलिटर होतात, आणि बाटली ७५० मिलिलिटरची असते हे लक्षात घेतले तर दुपारच्या उन्हात माणशी दोनतृतीयांशाहून अधिक बाटली पोटात गेलेली असते. तिसऱ्या ठिकाणी कोणाच्याही जिभेला शिराज आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन तांबड्या वाइनमधला फरक कळत नाही. वाइन चाखून थुंकण्यासाठी भांडे मागता येते, ते मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, आणि जाणकार तर आवर्जून मागतात.

म्हणून दिवसाला दोन वायनरी, फार तर तीन, आणि त्याही एकाच बाजूच्या, असा बेत ठेवावा. नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांच्या जवळ आहेत. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या परिसरात व्हॅलोने आहे आणि त्याच तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपाची वायनरी आहे. उत्तरेला दिंडोरी आणि पूर्वेला निफाड-विंचूर ही आणखी दोन क्षेत्रे आहेत. गंगापूर आणि इगतपुरी एकाच दिवसात बसवणाऱ्या सहलीत बराच वेळ गाडीत जातो, पण मुंबईला परत जाणाऱ्यांना दुसरी वायनरी इगतपुरीकडची घेतली तर ती वाटेवरच पडते. असा फेरफार करण्याचे स्वातंत्र्य स्वतंत्र गाडीतच मिळते.

वेगवेगळ्या धाटणीच्या वाइन चाखायच्या असतील तर मालकीही पाहावी. यॉर्क ही वायनरी २०२१ साली सुलाने विकत घेतली. दोन्ही ठिकाणे पाहण्याजोगी आहेत, यॉर्कच्या गच्चीवरून दिसणारे धरण तर चुकवू नयेच, पण एका मोठ्या आणि एका लहान, स्वतंत्र वायनरीची जोडी लावली तर शिकायला अधिक मिळते. लहान वायनरी आगाऊ वेळ घेतल्याशिवाय पाहुणे घेतीलच असे नाही आणि मोठा गट त्यांना झेपतही नाही, त्यामुळे अशा ठिकाणी स्वतंत्र गाडीने गेलेली चार माणसे किंवा खरोखरच छोटा असलेला गट यांचेच निभते.

गटाचा आकार का महत्त्वाचा, हे बागेत उभे राहिल्यावर कळते. वाइनची द्राक्षे खाण्याच्या थॉमसन सीडलेससारखी लांबट आणि मोठी नसतात. मणी बारीक आणि गोल, साल जाड, आत बिया. माहितगार एक मणी तोडून हातावर ठेवतो आणि बी चावून पाहायला सांगतो. ती हिरवट आणि कडवट लागली तर घड अजून तयार नाही, तपकिरी होऊन दाण्यासारखी कुरकुरीत लागली तर तोडणी जवळ आली. मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून त्याच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकतो आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचे प्रमाण वाचायला देतो. सहा-आठ जण असतील तर प्रत्येकाला ते भिंग डोळ्याला लावता येते. तीस जणांत मागच्या रांगेतल्यांना माहितगाराचा आवाजही पोहोचत नाही. कारखान्यातही तसेच होते. पांढऱ्या वाइनच्या टाक्या थंड का ठेवतात, तांबड्या वाइनसाठी साली रसातच का राहू देतात, ओकच्या पिंपात कोणती वाइन जाते आणि कोणती जात नाही, हे प्रश्न विचारायला माणसे थोडी असावी लागतात. ज्यांना हे सगळे जाणून घ्यायचे आहे त्यांनी गाडीवर खर्च करण्याआधी स्वतंत्र टेस्टिंगवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नाशिकबाहेरच्या ठिकाणांना हा विचार थोडा बदलून लावावा लागतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ असलेली फ्रातेल्ली ही वायनरी एका बाजूला, एकटी आहे आणि पुण्याहूनही लांब पडते. तिथे मुक्कामाच्या बेतानेच, आधी ठरवून आणि आपल्या गाडीने जाणे सोयीचे असते.

सहावी पायरी: आता पैशांचा हिशोब

हिशोबाची रीत सोपी आहे. खाली दिलेले आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतात. समजा गटसहलीचे माणशी ३,००० रुपये आहेत आणि त्यात गाडी, दोन टेस्टिंग व जेवण येते. स्वतंत्र गाडीचे दिवसाचे ६,००० रुपये आहेत आणि टेस्टिंग व जेवण मिळून माणशी १,५०० रुपये वेगळे लागतात. दोघांना गटात ६,००० आणि स्वतंत्र गाडीने ९,००० रुपये पडतील. चौघांना दोन्हीकडे १२,००० रुपये पडतील. सहा जणांना गटात १८,००० आणि स्वतंत्र गाडीने १५,००० रुपये लागतील. म्हणजे या उदाहरणात चार हा काठावरचा आकडा आहे. आपल्याला मिळालेले दर घालून आपला काठ काढावा. तो पाचवर आला आणि आपण चौघे असलो, तर वरचा थोडा खर्च वेळेच्या स्वातंत्र्यासाठी करायचा की नाही एवढाच प्रश्न उरतो.

या हिशोबात न पिणाऱ्यांचा विचार वेगळा करावा. गटसहलीत टेस्टिंगचे पैसे सरसकट सर्वांकडून घेतले जातात, तर स्वतंत्र गाडीने गेल्यास न पिणाऱ्यासाठी फक्त वायनरीचे प्रवेशशुल्क, असल्यास, आणि जेवण एवढेच लागते. सहा जणांच्या घरात दोन-तीन न पिणारे असतील तर पारडे पुरते फिरते. दर सांगताना जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे.

सातवी पायरी: आयोजकाला विचारायचे प्रश्न

गटसहलीच्या आयोजकाला सर्वांत आधी विचारावे की जास्तीत जास्त किती माणसे घेणार आणि किमान किती झाली तर सहल निघणार. काही जण बारा जणांचा गट सांगतात आणि ऐनवेळी दोन गट एकत्र करून मोठ्या बसमध्ये बसवतात. किमान संख्या न जमल्यास सहल रद्द होणार असेल तर ते किती दिवस आधी कळवणार आणि पैसे किती दिवसांत परत करणार, हे लेखी घ्यावे. सोबत येणारा माणूस वाइनविषयी बोलू शकणारा आहे की फक्त व्यवस्था पाहणारा, वायनरीत टेस्टिंग गटापुरती आहे की सर्वांबरोबर, जेवण शाकाहारी किंवा जैन मिळेल का, आणि एखाद्या वायनरीत आयत्या वेळी प्रवेश मिळाला नाही तर बदली कुठे नेणार, हेही विचारून घ्यावे.

स्वतंत्र गाडीवाल्याला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गाडीची नंबर प्लेट पिवळी, म्हणजे भाड्याच्या वाहनाची आहे ना, हे पाहावे. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची प्लेट हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकाला या वायनरींचे रस्ते माहीत आहेत का, तासांच्या वर गेल्यास ताशी किती आकार पडेल, आणि चालकाच्या जेवणाची व्यवस्था कोण करणार, हे आधी ठरवावे. जेवणाची जबाबदारी आपली असो वा नसो, आपण दोन तास आत बसणार असू तर चालक जेवला की नाही हे विचारणे आपले कर्तव्य आहे. मुंबईहून एका दिवसात परतणार असाल तर पहाटेपासून जागा असलेला तोच माणूस रात्री घाटातून किंवा महामार्गावरून गाडी नेणार असतो, म्हणून दुपारी त्याला तासभर झोप मिळेल असाच बेत करावा.

स्वतःची गाडी स्वतः चालवत नेण्याचा तिसरा पर्याय अनेकांच्या मनात असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सहा वाइन चाखून ही मर्यादा ओलांडणे अजिबात कठीण नाही. घरातला अजिबात न पिणारा माणूस चालवणार असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हा पर्याय यादीतून काढून टाकावा. ‘थोडीच घेतो’ असे म्हणणाऱ्यावर सोबतच्या माणसांचा जीव सोपवू नये. चालकाला आग्रहाने वाइन चाखायला लावणारे पाहुणेही मी पाहिले आहेत, आणि तो आग्रह कोणी करत असेल तर सोबतच्यांनी तिथेच थांबवला पाहिजे.

आठवी पायरी: आरक्षण आणि बाटल्या

एवढे झाल्यावर आरक्षण करावे, आणि तेही आधी वायनरीचे, मग गाडीचे. हंगामात टेस्टिंगच्या वेळा आणि दुपारच्या जेवणाची टेबले लवकर भरतात, गाड्या तुलनेने सहज मिळतात. ठरलेली तारीख, वेळ, माणसे, वायनरींची नावे, एकूण रक्कम, आगाऊ दिलेली रक्कम आणि रद्द करण्याची अट एकाच व्हॉट्सॲप संदेशात लिहून आयोजकाकडून ‘मान्य’ असे उत्तर घ्यावे. आदल्या दिवशी वायनरीला स्वतः एक फोन करावा, कारण खाजगी समारंभासाठी परिसर बंद असल्याचे आयोजकाला दर वेळी कळलेले असतेच असे नाही.

परतताना बाटल्या आणायच्या असतील तर गाडीचा प्रकार पुन्हा महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी इतकी तापते की वाइनची चव बिघडते. स्वतंत्र गाडी असेल तर थर्माकोलचा खोका सोबत न्यावा, बाटल्या शेवटच्या वायनरीतूनच घ्याव्यात आणि पहिल्या ठिकाणची एखादी फारच आवडली असेल तर ती गाडीच्या आत, एसीत, सीटखाली आडवी ठेवावी. गटाच्या गाडीत सामानाची जागा कमी आणि मागच्या कप्प्यात उष्णता जास्त, त्यामुळे तिथे एक-दोन बाटल्यांवरच थांबावे. सुरत, वापी किंवा वलसाडहून आलेल्यांनी मात्र बाटल्या घेऊन सीमा ओलांडू नये. गुजरातेत दारूबंदी लागू आहे, आणि एका प्रवाशाकडे बाटली सापडली तर गटाची सगळी गाडी तपासणी नाक्यावर अडकून पडते.